चेक लोकांचे संगीतकार : स्मेताना

युरोप खंडाच्या मधोमध चेक लोकांचा देश आहे. प्राग ही त्याची राजधानी. प्राग शहरातून व्लतावा नावाची नदी वाहते. ही नदी ज्यांनी सुरांत उतरवली, त्यांची माहिती आज आम्ही सांगणार आहोत. त्यांचे नाव बेद्रिख स्मेताना.

स्मेतानांचा जन्म २ मार्च १८२४ रोजी लितोमिश्ल या गावी झाला. त्या वेळी या मुलखाला बोहेमिया म्हणत. तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते. वडिलांचा धंदा बिअर बनवण्याचा. त्यांना व्हायोलिनचा मोठा नाद. घरी वाजवणारी मंडळी जमत. मुलगा ऐकत बसे. तिथेच त्याला गोडी लागली. सहा वर्षांचा असताना त्याने लोकांपुढे पियानो वाजवला. पियानोला आपल्या पेटीसारख्या पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो.

आता एक नवलाची गोष्ट ऐका. देश चेक लोकांचा, पण शाळा जर्मन भाषेत! कचेरीतला कागद जर्मन, कोर्टाचा निकाल जर्मन. चेक भाषा उरली ती शेतावर, बाजारात आणि चुलीपाशी. शिकलेल्या माणसाने चेक बोलणे म्हणजे कमीपणा, असे पुष्कळांना वाटे. स्मेतानाही जर्मनमध्येच शिकले. त्यांची पत्रे जर्मनमध्ये, रोजनिशी जर्मनमध्ये. आपल्याच लोकांची भाषा त्यांना धड लिहिता येत नव्हती.

१८४८ साली प्रागमध्ये लोकांनी बादशहाविरुद्ध उठाव केला. चोवीस वर्षांचे स्मेताना त्यात सामील झाले. उठाव मोडला गेला. त्याच वर्षी त्यांनी प्रागमध्ये संगीताची शाळा काढली. पुढे संसारावर घाला आला. १८५४ ते १८५६ या काळात त्यांच्या चार मुलींपैकी तीन मुली दगावल्या. थोरल्या मुलीला गाण्याचे चांगले अंग होते. तिच्या दुःखात त्यांनी पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी एक रचना केली. मग पोटापाण्यासाठी ते दूर स्वीडन देशात गेले. १८५९ साली परत येताना वाटेतच त्यांची पत्नीही वारली.

त्याच वर्षी इटलीतल्या लढाईत ऑस्ट्रियाचा पराभव झाला. बादशहाला थोडे नमते घ्यावे लागले. चेक लोकांना मोकळीक मिळू लागली. प्रागमध्ये चेक नाटकांसाठी नाटकगृह उभे राहायचे ठरले. तिथे आपल्या भाषेत संगीत नाटके हवी होती. ती रचणार कोण? १८६१ साली स्मेताना मायदेशी परतले.

पण भाषेचे काय? गाण्याच्या शब्दाला चाल लावायची तर शब्द कुठे दाबायचा, कुठे सोडायचा हे कळायला हवे. १८६० साली त्यांनी एका मित्राला चेकमध्ये पत्र लिहिले. तेव्हा त्यांचे वय छत्तीस. शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या चुकांबद्दल त्यांनी त्या पत्रात माफी मागितली. नुसती माफी मागून ते थांबले नाहीत, बरं का! व्याकरण घेऊन बसले. रोज चेक बोलायचे, रोज चेक लिहायचे, असा नेम धरला. नाव मिळवलेला माणूस, पण शिकायची लाज धरली नाही. पुढे त्यांची रोजनिशीही चेकमध्ये लिहिली जाऊ लागली.

१८६६ साली त्यांचा 'विकलेली नवरी' हा ऑपेरा रंगभूमीवर आला. ऑपेरा म्हणजे गाऊन करायचे नाटक. गोष्ट खेड्यातली आहे. येनिक आणि मार्झेंका यांचे एकमेकांवर प्रेम. पण मुलीच्या आईबापांना मीखा नावाच्या श्रीमंताचा मुलगा जावई म्हणून हवा. लग्न जुळवणारा दलाल येनिकला पैसे देऊ करतो आणि म्हणतो, "मुलीचा नाद सोड." येनिक कागदावर सही करतो. पण अट घालतो, मुलीने मीखाच्याच मुलाशी लग्न करायचे. सगळे गाव त्याला नावे ठेवते. शेवटी कळते, की येनिक हाच मीखाचा थोरला, घर सोडून गेलेला मुलगा! दलालाचे तोंड पाहण्यासारखे होते. पहिल्या प्रयोगांना फारसे लोक आले नाहीत. स्मेतानांनी त्यात बदल केले. मग ते नाटक एवढे आवडले, की १८८२ साली प्रागमध्ये त्याचा शंभरावा प्रयोग झाला.

चेक लोकांना स्वतःचे मोठे राष्ट्रीय नाटकगृहही हवे होते. त्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा झाली. १८६८ साली पायाचे दगड बसवले. १८८१ च्या जूनमध्ये स्मेतानांच्या 'लिबुशे' या ऑपेराने दार उघडले. आणि ऑगस्टमध्ये आग लागली! लोक रडत बसले नाहीत. ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन, म्हणजे त्या वेळची नाणी, जमा झाली. १८८३ साली नाटकगृह पुन्हा उघडले, तेही 'लिबुशे'नेच. रंगमंचाच्या वर कोरले आहे, 'राष्ट्राने स्वतःसाठी'.

पण या दोन्ही दिवशी स्मेतानांना एक सूरही ऐकू आला नाही. १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे दोन्ही कान गेले होते. संगीतकाराचे कान जाणे म्हणजे विणकराचे हात जाण्यासारखे. नाटकगृहाची नोकरी सुटली. ते लेकीच्या घरी खेड्यात राहायला गेले.

मग त्यांनी काय केले? सूर त्यांच्या मनात वाजत होते, तेच ते कागदावर उतरवत राहिले. बहिरेपण आल्यावर महिन्याभरात त्यांनी 'व्लतावा' ही रचना हाती घेतली आणि एकोणीस दिवसांत पुरी केली. यात कोणी गात नाही, फक्त वाद्ये वाजतात. आधी बासऱ्या झुळझुळतात. हा डोंगरातला पहिला झरा. मग क्लॅरिनेट वाजते. हा दुसरा झरा. दोन्ही मिळतात आणि व्हायोलिनांवर नदीची संथ चाल सुरू होते. वाटेत जंगलात शिकाऱ्यांची शिंगे वाजतात. काठावरच्या गावात लग्नाचा नाच चाललेला असतो. रात्री चांदणे पडते. मग खडकांवरून पाणी आदळते, ढोल घुमतात. शेवटी नदी पसरट होऊन प्रागजवळून दिमाखाने पुढे जाते.

अशा सहा रचना मिळून 'माझा देश' ही माला झाली. ५ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रागमध्ये ती प्रथमच सलग वाजवली गेली. स्मेताना हजर होते. ऐकू काहीच येत नव्हते, पण उभे राहिलेले लोक दिसत होते.

अखेरीस त्यांचे मनही आजारले. १२ मे १८८४ रोजी प्रागच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. १९४६ पासून प्रागमध्ये दर वर्षी मोठा संगीत उत्सव भरतो. तो परंपरेने १२ मे या दिवशी सुरू होतो, आणि सुरुवातीला 'माझा देश' वाजवतात. छत्तिसाव्या वर्षी मातृभाषेतल्या चुकांची माफी मागणाऱ्या माणसाला चेक लोक आज आपल्या संगीताचा जनक म्हणतात.