बाळाच्या छातीतली सावली
(लेखमाला : डॉक्टर घडतात कसे – लेखांक 7)

मागच्या आठवड्यात एमडी रेडिओलॉजीची तीन वर्षं पाहिली. एवढं शिकूनही काही डॉक्टर मोठ्या शिकवणी रुग्णालयात आणखी वर्ष-दोन वर्षं फक्त लहान मुलांच्या तपासण्या शिकतात; याला फेलोशिप म्हणतात. का, ते पाहू.

तान्ह्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या वरच्या अंगाला कधी कधी शिडासारखी पांढरी सावली दिसते. मोठ्या माणसात ती दिसली तर गाठीची शंका यावी. बाळात ती बहुधा थायमस असते, वयाबरोबर आक्रसत जाणारी निरोगी ग्रंथी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हिलाच आजार मानलं गेलं. मोठ्या थायमसमुळे बाळ गुदमरतं, या समजुतीपायी धडधाकट बाळांना किरणोपचार दिले. मुलांच्या एक्स-रेचे तज्ज्ञ जॉन कॅफी यांनी 1945च्या आपल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली, आणि 1950 साली डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी त्या किरणांचा संबंध मुलांमधल्या थायरॉइडच्या कर्करोगाशी असू शकतो, हे पुढे आणलं. निरोगी काय हे न ओळखण्याची किंमत लेकरांनी मोजली.

म्हणून या फेलोशिपमध्ये आजाराइतकाच निरोगी शरीराचा अभ्यास होतो. कोपरातली हाडं कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने दिसू लागतात? टाळू भरून येण्याआधी तिथूनच सोनोग्राफीने मेंदू कसा पाहायचा? सीटी स्कॅन टाळता कधी येतो? शिवाय रडणाऱ्या मुलाला आईच्या मांडीवरच शांत ठेवून तपासायचं, हे तर पुस्तकात सापडतच नाही.

भुसावळहून एक्स-रे मोबाइलवर मुंबईला क्षणात जातो. परळच्या वाडियासारख्या खास मुलांच्या रुग्णालयातला जाणकार तो तिथे बसून वाचू शकतो. पण कधी आठ-दहा महिन्यांचं बाळ थांबून थांबून कळवळतं, पाय पोटाशी घेतं, मग मलूल पडतं. आतड्यात आतडं शिरलेलं असतं. सोनोग्राफीत एकात एक वर्तुळं दिसतात. वेळेत आलेल्या बहुतेक बाळांत गुदमार्गातून मिठाचं पाणी किंवा हवा बेताच्या दाबाने सोडून ते आतडं मागे सरकवता येतं आणि शस्त्रक्रिया टळते; सर्जन मात्र तयारीत हवाच. उशीर झाला की आतडं काळं पडतं, फाटतं. हे काम फोटो पाठवून होत नाही.

सोनोग्राफीचं यंत्रही बाळाकडे येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994च्या कायद्याने ते नोंदलेल्या जागी बांधलेलं असतं, मनाला येईल तसं हलवता येत नाही. मुली वाचवायला हा कायदा हवाच. मग बाळालाच यंत्रापाशी न्यायचं, तर तिथे शिकलेला हात असायला हवा. मुंबई भुसावळहून सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. असा एकेक डॉक्टर तिथे कायमच्या पदावर बसावा, ही मागणी खानदेशाने लावून धरायला हवी.

पुढच्या लेखांकात : मुलांना भूल देणारे डॉक्टर.