बेसबॉलचा फटका येतो कोठून?

उभे झाड तोडणारा माणूस आपण कधी नीट न्याहाळला आहे का? नवशिका नुसत्या दंडाच्या जोरावर कुऱ्हाड हाणतो आणि घटकाभरात दमतो. जाणता गडी आधी पाय रोवतो, कंबर फिरवतो आणि हात शेवटी सोडतो. अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलमधल्या फटक्याचे मर्मही हेच आहे, बरे का!

या खेळात चेंडू फेकणारा फलंदाजाच्या जागेपासून १८.४४ मीटरवर उभा असतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात येऊन पोचतो. त्यातला सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. म्हणजे मारायचे की सोडायचे, हे ठरवायला उरला पाव सेकंद! मग जोर लावायला सवड कुठली? तो अंगात मुरलेल्या क्रमानेच यावा लागतो.

तो क्रम असा. उजव्या हाताने खेळणारा प्रथम भार मागच्या, म्हणजे उजव्या पायावर घेतो. मग डावे पाऊल थोडे पुढे टाकून घट्ट रोवतो. लगेच कंबर वळते; हात मात्र अजून मागेच. कंबरेमागून खांदे, खांद्यांमागून हात, सर्वांत शेवटी मनगटे. जड भाग मंदावताना आपला वेग पुढच्या हलक्या भागाला देतो. असे करीत बॅटीचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास जातो. बॅट आणि चेंडू यांची गाठ पडते ती जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. तेव्हा त्या क्षणी हात आवळून काय उपयोग? वेग आधीच कमावलेला हवा.

आणखी एक गोष्ट. फेकणारा उंचवट्यावर असतो, त्यामुळे चेंडू उतरत येतो. म्हणून बॅटही किंचित वर चढत फिरवली, की दोघांची गाठ पडण्याची शक्यता वाढते.

बोस्टनचा टेड विल्यम्स या दोन्ही गोष्टी आग्रहाने सांगे. १९४१ साली शेवटच्या दिवशी त्याची सरासरी .३९९५५ होती. ती .४०० धरली गेली असती. तरीही तो दोन्ही सामने खेळला, आठांपैकी सहा वेळा यशस्वी झाला, आणि सरासरी.४०६ वर नेली.

गुरुजनहो, मुलाला नुसते 'जोरात मार' म्हणू नका. आधी त्याचे पाय बघा. फटका जमिनीतून वर येतो. हात केवळ तो पोचवतात.