वस्तीत घर घ्यावे की कॉलनीत?

घर कुठे घ्यावे हा प्रश्न सवर्ण माणसाला पैशाचा असतो. आपल्या माणसाला तो पैशाचा असतोच, शिवाय आडनावाचाही असतो. नांदेड-लातूरकडची जी बौद्ध कुटुंबे आमच्याकडे कागदपत्रे दाखवायला येतात, त्यातली बहुतेक पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घर करणारी असतात. बाप सालगडी नाहीतर हमाल होता, मुलगा एस.टी.त किंवा जिल्हा परिषदेत लागला, सून शिक्षिका झाली. भविष्य निर्वाह निधी, अंगावरचे सोने, गावाकडची एकरभर कोरडवाहू असे सगळे मोडून रक्कम उभी केलेली असते. आणि विचारतात, "साहेब, जयभीमनगरात घ्यावं का तरोड्याकडं?" लातूरचे असले तर गंजगोलाईजवळची जुनी वस्ती की औसा रोडची नवी कॉलनी.

या प्रश्नाची दोन्ही टोके बाबासाहेबांच्याच आयुष्यात सापडतात. १९१७ साली बडोद्याला एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावाने पुढे आली. पण त्याआधी दहाएक वर्षे याच बाबासाहेबांनी परळची चाळ सोडून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ग्रंथांसाठी आणि कुटुंबासाठी. तेव्हा 'आपल्या माणसांत राहणे म्हणजे चळवळ आणि कॉलनीत जाणे म्हणजे पळ' असे जे जयंतीच्या मंचावरून ऐकवले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही.

वस्तीचा आधार मात्र खरा आहे. विहार दोन मिनिटांवर असतो. वर्षावासात ग्रंथवाचनाला घरातली म्हातारी एकटी जाऊन येते. रात्री दारावर कोणी शिवी दिली तर दहा माणसे बाहेर पडतात. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, अशी त्याच्या घरच्यांची फिर्याद आहे. त्यानंतर खेड्यातून शहरात येणारा बाप आपल्याच वस्तीत जागा शोधत असेल, तर त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण वस्तीतल्या घराचा कागद काय असतो? घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल. ही कर भरल्याची आणि वीज वापरल्याची खूण झाली, मालकीची नव्हे. खालची जमीन सरकारची, महापालिकेची की कुणा खाजगी मालकाची, हे पंचवीस वर्षे राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थेचा भूखंड असेल तर अजून एक गाठ असते. सरकारी जमिनीवरच्या अशा संस्थांची जागा भोगवटादार वर्ग-२ ची असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सभासद आपलाच, अध्यक्ष आपलाच, म्हणून विश्वासावर पैसे दिले जातात. त्या विश्वासाचे पुढे दिवाणी दावे होतात.

नांदेडात याच्या जोडीला गोदावरी आहे. विष्णुपुरी प्रकल्प शहराच्या वरच्या अंगाला. त्याचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या सखल भागाची झोप उडते. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्याने ते पुन्हा पाहिले. नदीकडेला घर घ्यायचे तर पूररेषेचा नकाशा मागावा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आतले घर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. लातूरची अडचण नेमकी उलटी. एप्रिल २०१६ मध्ये धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे लातूरकर विसरलेला नाही. तिथे फ्लॅटचा रंग बघण्याआधी महापालिकेची जलवाहिनी त्या गल्लीपर्यंत आली आहे का, बोअर किती खोल आहे आणि मे महिन्यात टँकरचे पैसे कोण भरतो, हे शेजारच्या बिऱ्हाडाला विचारावे. बिल्डरला विचारू नये.

आता कॉलनी. फोनवर प्लॉट शिल्लक असतो, आडनाव कळले की 'कालच बुकिंग झालं'. असे अनुभव ऐकले नाहीत असा आठवडा आम्हाला आठवत नाही. कायद्याची मदत इथे तोकडी पडते. नकाराला दुसरे कारण देणे सोपे आणि जातीचे कारण सिद्ध करणे अवघड. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरते सभासदत्व ठेवणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेचा नियम वैध ठरवला. हा निकाल आपल्या मागासवर्गीय संस्थांना उपयोगी पडतो, हे खरे. आपल्याला बाहेर ठेवू पाहणाऱ्यांनाही तो तितकाच उपयोगी आहे.

हा नकार झोंबतो, आणि त्या घाईत आपला माणूस तिसऱ्याच ठिकाणी जाऊन फसतो. ना वस्ती, ना कॉलनी. शहराच्या हद्दीबाहेरचे शेत, त्यावर चुन्याच्या रेघा, कमानीला 'सिद्धार्थ', 'तथागत' असे नाव आणि बाँडवर खरेदी. आमच्या मते खरा धोका इथे आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही. नोटरीचा बाँड आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये पुन्हा बजावले. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ दाखवला तरी त्याने शेताचे अकृषिक होत नाही. 'गुंठेवारीत नियमित होईल' म्हणणाऱ्याला तारीख विचारा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला, तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांसाठी. काल पाडलेल्या तुकड्याला तो लागू नाही. अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही, म्हणून सावकार किंवा पतसंस्था. आणि मग घर होण्याआधीच हप्ते थकतात. विकणारा निळा गमछा घालून आला होता, हे सांगताना माणसे आमच्यासमोर रडली आहेत.

तेव्हा आमचे उत्तर असे. दोन्हीकडचे कागद काढावेत. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषिक आदेश, नगररचनेचा मंजूर नकाशा आणि तीस वर्षांचा शोध अहवाल. वस्तीतल्या घराचे कागद निखळ असतील आणि पूररेषा दूर असेल तर खुशाल घ्यावे. दोन्हीकडचे निखळ असतील तर आम्ही कॉलनीकडे झुकतो. मुलांना शाळा, शिकवणी, वाचनालय जवळ पडते आणि पुढे विकताना भावही मिळतो. पण एकट्याने जाऊ नये. चार-पाच कुटुंबांनी मिळून एकाच लेआउटमध्ये लगतचे प्लॉट घ्यावेत आणि दारावरच्या पाटीत आडनाव पूर्ण लिहावे. 'के. एस. निवास' लिहून काही लपत नाही. पोरांना मात्र लपायची सवय लागते.

विहाराचे काय, असा प्रश्न येतोच. मोठ्या मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तिथे कॉलनीवाले आधी ओटा बांधतात, मग मंदिर. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. त्याच्या आधारे हरकत घेता येते. पण तोच आदेश आपल्यालाही लागू आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना पटत नाही. विहारासाठी पाच घरांनी वर्गणी काढून सहावा प्लॉट ट्रस्टच्या नावे घ्यावा. तो उद्या कोणी पाडू शकणार नाही.

राहता राहिला नावाचा प्रश्न. घर फक्त बाईच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. वीस लाखांच्या घराला ते वीस हजार होतात. पूर्वी असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नसे, म्हणून नवरे नाक मुरडत. २०२३ मध्ये ती अटही निघाली. तरी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दागिने मोडून पैसे दिलेली बाई बाहेरच्या बाकावर बसलेली आणि दस्तावर एकट्या नवऱ्याचे नाव, हे आम्ही महिन्यातून दोनदा तरी पाहतो.