मुतखडा काय सांगतो?

मुलांनो, जालना जिल्ह्यातील उन्हाळा कडक असतो. घाम फार येतो. अशा वेळी पाणी कमी प्यायल्यास लघवी दाट होते. तिच्यातील क्षारांचे स्फटिक जमून मूत्रपिंडात मुतखडा, म्हणजेच पथरी, तयार होते.

सर्व खडे सारखे नसतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, कठीण असतात. युरिक आम्लाचा खडा पिवळसर असतो. तो आम्लधर्मी लघवीत बनतो. जंतुसंसर्गाने झालेला खडा भराभर वाढतो. त्याला सांबराच्या शिंगासारखे फाटे फुटतात. सिस्टीनचा खडा आनुवंशिक दोषामुळे होतो.

म्हणून लघवीवाटे पडलेला खडा फेकू नका, डॉक्टरांना द्या. प्रयोगशाळेत त्याचा रंग, आतील थर व घटक तपासतात. कारण कळले, की पुन्हा खडा होणे टाळता येते.