दहावीनंतरच्या वाटेसाठी पालकांनी शाळेला काय विचारावे

स्मरणिकेत दहावीच्या निकालांचे तक्ते छापले जातात आणि ते छापलेही पाहिजेत. परंतु त्या तक्त्यातील किती विद्यार्थी अकरावी-बारावी पार करून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत पोहोचले, याचा तक्ता सहसा कोणी छापत नाही. निवासी शाळेत काम करताना आम्हांस असे दिसून आले आहे की, मुलाची वाटचाल थांबते ती बहुधा दहावीच्या परीक्षेत नव्हे. ती थांबते दहावीनंतरच्या दोन महिन्यांत किंवा बारावीनंतरच्या दोन आठवड्यांत. आणि तेथे थांबण्याची कारणे मात्र आठवी-नववीतच तयार झालेली असतात. त्या काळात पालक आणि शाळा यांच्यात जे बोलणे व्हायला हवे, त्याविषयी येथे लिहीत आहोत.

भेटीच्या रविवारी पालक येतात. डब्यात भाकरी-चटणी, पिशवीत फळे. पोरगे नीट जेवते का, आजारी तर पडले नाही ना, एवढे विचारून ते निघू लागतात. अभ्यासाचा विषय आम्ही काढला की हात जोडून म्हणतात, “सर, आता तुम्हीच त्याचे मायबाप.” या शब्दांमागची श्रद्धा आम्ही जाणतो. पण ही श्रद्धा प्रश्न विचारू देत नाही. जो पालक स्वतः शाळेची पायरी फारशी चढला नाही, त्याला वाटते की आपण काय विचारणार? वास्तविक, विचारण्यासाठी बीजगणित येण्याची गरज नाही. “गेल्या परीक्षेतील उत्तरपत्रिका दाखवा” हे वाक्य अंगठा करणारी आईही म्हणू शकते, आणि आमच्या मते पालकाने उच्चारावे असे हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे. कोरी सोडलेली पाने कोणासही दिसतात.

प्रगतिपुस्तकातील एक गोष्ट समजून घ्यावी. आठवीपर्यंत मुलाला श्रेणी मिळते, नववीपासून गुण. आठवीत ‘ब’ श्रेणी पाहून निर्धास्त झालेल्या घराला नववीच्या पहिल्या सत्रात धक्का बसतो तो यामुळे. पुढे दहावीत राज्य मंडळ सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण टक्केवारीसाठी धरते. ही सवलत योग्यच आहे. पण ती एक गोष्ट झाकते. गणितात काठावर उत्तीर्ण झालेल्या मुलाचीही एकूण टक्केवारी ऐंशीच्या घरात असू शकते. पेढे वाटले जातात, टक्केवारीच्या बळावर विज्ञान शाखेत प्रवेश होतो आणि अकरावीच्या दिवाळीपर्यंत मुलगा पुस्तक मिटून बसतो. म्हणून टक्केवारीबरोबर गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांचे गुण वेगळे विचारावेत.

दुसरा अडथळा भाषेचा. आपली बहुसंख्य मुले मराठी माध्यमातून येतात, आणि अकरावी विज्ञानाचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीत चालते. ज्याला ‘त्वरण’ पक्के समजले आहे त्याच्यासमोर ‘ॲक्सिलरेशन’ आले की तो गोंधळतो. ‘पेशी’ची ‘सेल’ होते, ‘अपवर्तना’चे ‘रिफ्रॅक्शन’. संकल्पना त्याला येत असते, फक्त तिचे नवे नाव ठाऊक नसते. नववीपासून दोन्ही नावे शेजारी लिहिण्याची वही ठेवली तर हा ताण पुष्कळ हलका होतो. ‘ती वही दाखव’ असे सुट्टीत घरी आलेल्या मुलाला म्हणणे, एवढे काम पालकांचे. विद्यार्थ्याचे ज्ञान मराठीत अधिक पक्के असेल तर वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, हेही ध्यानात असावे.

आता कागदपत्रांविषयी. हा विषय रुक्ष आहे, तरी आम्ही येथे अधिक थांबणार आहोत, कारण हुशार मुलाची जागा हातची जाताना आम्ही पाहिली आहे ती येथेच. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातीच्या प्रमाणपत्राखेरीज जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते, आणि विज्ञान शाखेच्या बारावीतील विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयामार्फत त्यासाठी अर्ज करावयाचा असतो. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यास ते वेळेत मिळेलच असे नाही.

या अर्जाचा कणा म्हणजे जुना पुरावा. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्यामुळे त्या दिवसापूर्वी आपले कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते हे दाखवावे लागते. हा पुरावा मुलाकडे नसतो, शाळेकडेही नसतो. तो असतो आजोबा-पणजोबांच्या गावात: त्यांच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत किंवा तहसील कार्यालयातील कोतवाल बुकाच्या नकलेत, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांची नोंद पाहावी. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाची नोंद वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह जोडता येते. अशा नातेवाइकाला पूर्वीच वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर काम बरेच सोपे होते. भाऊबंदकीत अबोला असेल तर तोही या निमित्ताने सोडावा लागतो, आणि तसा तो सुटलेला आम्ही पाहिला आहे!

आपल्या समाजापुढे याच ठिकाणी आणखी एक प्रश्न उभा राहतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद केली. ती अभिमानाने केली, आणि त्यात गैर काहीच नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्र शासनाच्याही सवलती खुल्या झाल्या. परंतु त्या सवलतींसाठी धर्मांतरापूर्वीची जात दाखविणारा पुरावा मागितला जातो, आणि तो पुन्हा वडील-आजोबांच्या नोंदीतच शोधावा लागतो. म्हणून जुना कागद दिसला की तो फाडू नका, नदीतही सोडू नका.

यासोबत नावाचे प्रकरण. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, शाळेच्या रजिस्टरात तिसरे. विद्यार्थी पटावर असेपर्यंत योग्य पुरावा दाखवून दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर ती अतिशय कठीण होते. दहावीचे आवेदनपत्र भरल्यावर मंडळाकडून पडताळणीसाठी यादी येते, तिला आपण कार्यालयात ‘प्रीलिस्ट’ म्हणतो. नाव, आईचे नाव, जन्मतारीख यांतील चूक पकडण्याची ती अखेरची सोयीची संधी. आणि नेमके याच दिवसांत आमचे कितीतरी पालक जिल्ह्याबाहेर असतात. दसरा झाला की कोयते निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि माणसे परततात ती मार्च-एप्रिलच्या सुमारास. आवेदनपत्र, प्रीलिस्ट, तोंडी परीक्षा, लेखी परीक्षा, सगळे त्या मधल्या काळात. अशा घरांनी कारखान्याकडे निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक शाळेत नोंदवून जावे. आजी असली तरी चालेल.

शाखेच्या निवडीविषयी आमचे मत काहींना रुचणार नाही. विज्ञान म्हणजे हुशार आणि कला म्हणजे उरलेले, ही समजूत आमच्या वस्त्यांत फार घट्ट आहे. ज्यांच्या जयंतीस आपण रात्रभर जागतो ते बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते! बारावी कोणत्याही शाखेतून केली तरी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा देता येते. संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर देता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही आहे, आणि ज्याला लवकर कमावते व्हायचे आहे त्याच्यासाठी ती चांगली वाट आहे. कर्ज काढून मुलाला लातूरला धाडण्यापूर्वी पालकांनी विषयशिक्षकाला एकांतात विचारावे, “खरे सांगा, याला गणित झेपेल का?” शिक्षक खरे सांगतात, समारंभात मात्र सांगत नाहीत.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला. अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणजे पहिला क्रमांक भरताना वसतिगृह, एसटीची सोय आणि शुल्क यांचा विचार आधीच झालेला हवा. मुलीच्या बाबतीत पालक वसतिगृहाचा प्रश्न प्रथम विचारतात, आणि तो रास्त आहे. समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. तेथे जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरावी लागते. तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावचे बँक खाते, ही दोन कामे दहावीच्या सुट्टीत उरकावीत.

पालक आणि शिक्षक यांच्या संबंधातून काय घडू शकते याचे उदाहरण आपल्याला परके नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत; पुस्तकांसाठी त्यांनी मुलींचे दागिने गहाण ठेवल्याचे चरित्रकार सांगतात. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ओळखणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे त्यांच्या शाळेचे शिक्षक नव्हते, तरी पुढे पैशाची अडचण आली तेव्हा त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. रामजींची जागरणे आणि केळुसकरांची ओळख, दोन्ही लागले. आमचे माजी विद्यार्थी आज बँकांत, शाळांत, न्यायालयांत, रुग्णालयांत आहेत. त्यांच्याकडे आम्ही देणगीइतकीच आणखी एक गोष्ट मागतो: आपल्या तालुक्यातील एका दहावीच्या विद्यार्थ्यासोबत जूनमध्ये दोन दिवस काढावेत, एक अर्ज भरण्यासाठी व एक महाविद्यालयात सोबत जाण्यासाठी.

यंदा नववी व दहावीच्या पालकांची सभा दसऱ्यापूर्वीच्या रविवारी ठेवली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची एक फाइल त्या दिवशी कार्यालयात उघडलेली असेल. येताना मुलाचा जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या गावाचे व शाळेचे नाव लिहिलेला कागद आणावा; उत्तरपत्रिका आम्ही टेबलावर ठेवू.