बंदुकीच्या दुकानाचा ताळेबंद

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाचे दुकान काढावयाचे झाले, तर जागा, भांडवल आणि घाऊक व्यापाऱ्याकडे थोडी पत एवढ्यावर काम भागते. दुकान चालले नाही, तर उरलेला माल पडेल भावाने विकून टाकता येतो आणि मनुष्य दुसऱ्या उद्योगाला लागतो. शस्त्रे व काडतुसे यांच्या दुकानाची गोष्ट निराळी आहे. तेथे शिरणे कठीण असते आणि बाहेर पडणे त्याहूनही कठीण. तरीदेखील या धंद्याचे आकर्षण अनेकांना वाटते, विशेषतः सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्यांना. हत्याराची माहिती आहे, हाती निवृत्तीची रक्कम आहे, जिल्ह्यात अशी दुकाने मोजकी आहेत आणि माल किमतीचा आहे. तेव्हा नफाही भरघोस असणार, असा हिशेब मनात मांडला जातो. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहणे आवश्यक आहे. कारण त्यात पणाला लागते ती बहुधा एका कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक.

प्रथम कायदा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने एतद्देशीयांच्या हातातील हत्यारे काढून घेतली आणि युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक दिली. स्वातंत्र्यानंतर तो भेद गेला. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि त्याखालचे १९६२ चे नियम २०१६ साली नव्या नियमांनी बदलले. या कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रे बनविणे, विकणे, दुरुस्त करणे, इतकेच नव्हे तर विक्रीसाठी मांडून ठेवणे यालाही परवाना लागतो. परवाना देण्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागविला जातो, आणि सार्वजनिक शांततेच्या कारणास्तव तो नाकारण्याचा अधिकार शासनाकडे आहे. नकाराविरुद्ध अपील करता येते, परंतु अपिलाचा निकाल लागेपर्यंत घेतलेल्या जागेचे भाडे थांबत नाही. दुकानाच्या प्रारंभिक खर्चात या प्रतीक्षेच्या महिन्यांचा खर्च कोणी धरीत नाही, आणि पहिली चूक तेथेच होते.

परवान्याचे शुल्क हा या सगळ्यात किरकोळ भाग होय. खरा खर्च सुरक्षिततेचा. पक्क्या भिंतींची कोठी, जमिनीत बसविलेली लोखंडी तिजोरी, दारांना व खिडक्यांना गज, कॅमेरे, रात्रीचा राखणदार, विमा. यांपैकी एकही वस्तू गिऱ्हाईक आकर्षित करीत नाही आणि एकही टाळता येत नाही. भाड्याच्या जागेत असे बांधकाम करू देणारा घरमालक मिळणे हीही एक अडचणच. वह्यांचे काम तर नित्याचे. आलेल्या प्रत्येक हत्याराचा क्रमांक, विकत घेणाऱ्याच्या परवान्याचा तपशील, काडतुसांची आवक-जावक, परवान्यावर करावयाची खरेदीची नोंद, हे सर्व चोख ठेवावे लागते. किराणा दुकानात दोन किलो साखर कमी भरली तर ती तूट खात्यावर टाकता येते. येथे दोन काडतुसे कमी भरली, तर प्रश्न तुटीचा राहत नाही, गुन्ह्याचा होतो.

आता बाजारपेठ. केंद्रीय गृहखात्याच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार देशात शस्त्रपरवाने सुमारे ३३ लाख ७० हजार होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजारांहून अधिक, आणि महाराष्ट्रात अवघे ८४ हजार. दोन्ही राज्यांच्या २०११ च्या लोकसंख्येशी हे आकडे ताडून पाहिले, तर उत्तर प्रदेशात दर दहा हजारांमागे सुमारे ६४ परवाने पडतात व महाराष्ट्रात साडेसात. राज्याचीच सरासरी लावायची तर ४२ लाख वस्तीच्या जळगाव जिल्ह्यात सुमारे ३,१५० आणि साडेवीस लाखांच्या धुळे जिल्ह्यात सुमारे १,५३० परवानाधारक येतात. ही सरासरी आहे, मोजणी नव्हे. पण दुकान काढणाऱ्याला अंदाज येण्यापुरती ती बरी आहे. कानपूर-लखनौकडील एखाद्या व्यापाऱ्याची भरभराट पाहून खान्देशात दुकान थाटणाऱ्याने हे प्रमाण आधी डोळ्यांसमोर ठेवावे.

त्यातही बंदूक ही वस्तू झिजत नाही. खान्देशातील पाटील-देशमुखांच्या वाड्यांत आजोबांच्या वेळची दुनाळी अजून नीट चालते. एक परवानाधारक सरासरीने तीस वर्षांतून एकदा हत्यार घेतो असे मानले, तर जळगावसारख्या मोठ्या जिल्ह्यातही वर्षाला शंभर-सव्वाशे विक्री होईल, आणि तीही सर्व दुकानांची व सर्व प्रकारच्या हत्यारांची मिळून. याउलट दुकानाची गरज किती, ते पाहू. समजा, माल, तिजोरी व बांधकाम धरून वीस लाख रुपये गुंतले. त्यावर शेकडा १२ दराने व्याज २ लाख ४० हजार. भाडे महिना दहा हजार, म्हणजे १ लाख २० हजार. हत्यारे उघडून साफ करू शकणारा एक कारागीर महिना पंधरा हजारांवर, म्हणजे १ लाख ८० हजार. वीज, विमा व किरकोळ मिळून साठ हजार. एकूण वर्षाचे सहा लाख झाले, आणि त्यात मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा एक पैसाही धरलेला नाही. विक्रीवर शेकडा दहा सुटतात असे उदारपणे धरले, तरी नुसते बरोबरीत यायला साठ लाखांची विक्री हवी. लाखाचे एक याप्रमाणे ती साठ रिव्हॉल्व्हरे झाली. जिल्ह्याच्या साऱ्या विक्रीच्या निम्म्याहून अधिक आणि तीही सर्वांत महाग हत्यारांची विक्री एका नव्या दुकानाने करावी, असा याचा अर्थ होतो. वाचकांनी यातील आकडे आपापल्या अनुभवाने खाली-वर करून पाहावेत. निष्कर्ष फारसा बदलत नाही.

पुरवठ्याची बाजूही दुकानदाराला अनुकूल नाही. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारी क्षेत्राकडे राखली. मुंगेर किंवा जम्मूकडील जुन्या परवानाधारक कारागिरांना बंदुकांची मर्यादित निर्मिती करता येत असे. खाजगी भांडवलाला दार उघडले ते २००१ साली. परदेशी हत्यारांची सामान्य आयात तर ऐंशीच्या दशकापासूनच बंद आहे. त्यामुळे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यावयाचे तर दीर्घकाळ आयुध निर्माणीखेरीज दुसरा मार्ग नव्हता, आणि निर्माणी थेट परवानाधारकालाही विकते. म्हणजे ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच स्पर्धक. २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून कानपूरहून आलेल्या ‘निर्भीक’ या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. सामान्य नोकरदार स्त्रीला ती कशी परवडावी, याचा विचार कोणी केला असल्याचे दिसत नाही. त्यावर कराची भर. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पानमसाला आणि आलिशान मोटारी यांच्या पंक्तीला ही वस्तू बसली आहे.

खान्देशच्या बाबतीत यात एक विसंगती आहे. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची आणि जवळच्याच वरणगावची १९६४ ची. वरणगावात लहान हत्यारांची काडतुसे तयार होतात, पण ती सैन्यासाठी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. भुसावळ ‘यंत्र इंडिया’कडे आणि वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले. जळगावच्या दुकानदाराला मात्र आपल्या बारा बोअरच्या गिऱ्हाइकासाठी ‘शक्तिमान’ काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची आणावी लागतात. पाठीशी कारखाना असूनही धंद्याला त्याचा उपयोग नाही.

काडतुसांच्या विक्रीवर दुकान तरेल, हीही आशा फोल आहे. किती काडतुसे घ्यावयाची याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. बँकेच्या दारावरील रक्षकाच्या बंदुकीतून वर्षानुवर्षे बार निघत नाही, आणि तो निघू नये हेच इष्ट. रावेर-यावल पट्ट्यातील केळीवाला किंवा शिंदखेड्याकडील कोरडवाहू शेतकरी रानडुकरांनी व रोह्यांनी जेरीस आलेला आहे खरा. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पीकसंरक्षणाचा बंदूकपरवाना हाती असला तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला त्या जनावरावर गोळी घालता येत नाही. तो फटाके वाजवितो, तारेचे कुंपण करतो, रात्र जागून काढतो. काडतूस विकत घेण्याचे कारण त्याला उरलेले नाही. अलीकडे थोडीबहुत चलती आहे ती एअर रायफलींची. ०.१७७ बोअरच्या व २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडील स्वप्नील कुसळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविल्यापासून पालकांच्या चौकशाही वाढल्या असल्यास नवल नाही. पण ती वस्तू क्रीडासाहित्याच्या दुकानातही मिळते. त्यासाठी तिजोरी बांधण्याचे प्रयोजन काय?

मग या दुकानांचा उपयोग तरी कोणता? उपयोग आहे, आणि तो विक्रीत नसून सांभाळण्यात आहे. कायद्याच्या कलम २१ नुसार ज्याच्याजवळ हत्यार ठेवणे कायदेशीर उरले नाही, त्याने ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावयाचे असते. परवान्याची मुदत संपली, परवानाधारक वारला, मुले पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झाली, की बंदूक दुकानात येते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा तिसऱ्या हत्याराचीही हीच वाट होती. निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, आणि २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभा व विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. अशा वेळी ठाण्याच्या कोंदट मुद्देमाल खोलीत नळी गंजू देण्यापेक्षा ती तेल लावून कपाटात ठेवणाऱ्या दुकानदाराकडे दिलेली बरी, हे जाणता मनुष्य जाणतो. मालकाला यातून थोडे भाडे मिळते. जबाबदारी मात्र पूर्ण त्याची. दहा-दहा वर्षे कोणी न्यावयास येत नाही अशा बंदुका सांभाळीत बसणे, हा धंद्याचा भाग म्हणावा की सरकारचे बिनपगारी काम?

एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. कायदेशीर दुकाने व परवाने वाढविले, तर गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट आपोआप कमी होईल, असे सांगितले जाते. चोपडा तालुक्याला लागून, अनेर नदीपलीकडे मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तेथील शिकलीगर कारागिरांपैकी काहींनी पिढीजात लोहारकाम पिस्तुले बनविण्याकडे वळविले, आणि हा माल चोपडा-शिरपूरमार्गे राज्यभर पसरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तेथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. तेथील ‘प्रारंभिक भांडवल’ म्हणजे एक भट्टी, कानस, हातयंत्र आणि भंगारातील लोखंडी नळी. ना भाडे, ना विमा, ना चाळीस टक्के कर. किमतीच्या स्पर्धेत कोणतेही परवानाधारक दुकान तेथे टिकणार नाही, हे उघड आहे. परंतु स्पर्धा मुळात आहे कोठे? कट्टा घेणारा मनुष्य परवाना महाग म्हणून कट्ट्याकडे वळलेला नसतो. आपले नाव कोणत्याही वहीत येऊ नये यासाठीच तो जास्तीचा धोका पत्करतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मिती व विक्री यांसाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे, आणि तरीही मागणी आहे. या दोन बाजारपेठा वेगळ्या आहेत. एकीत दुकाने वाढविल्याने दुसरीतील गिऱ्हाईक हलत नाही. उमर्टीच्या कारागिराला त्याच्या हातच्या कसबाचे दुसरे काम मिळणे आणि कट्टा घेणाऱ्यापर्यंत पोलिसांचा हात पोचणे, या दोनच गोष्टींनी तो बाजार आटेल.

राहता राहिला प्रश्न चालू असलेल्या दुकानांचा. व्यापाऱ्याचा परवाना कापडाच्या दुकानासारखा पागडी घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. मालक वारला तर मुलाला स्वतःच्या नावाने परवाना मिळवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत कोठीतील माल विकता येत नाही. बँकेच्या दृष्टीनेही हे तारण कच्चे. जप्त केलेल्या बंदुकांचा लिलाव पुकारला, तरी बोली बोलणाराही परवानाधारकच हवा. अशी दुकाने एकेक करून बंद पडली, तर त्यांच्या कपाटांतील अनामत हत्यारे पोलीस ठाण्यांच्या मुद्देमाल खोल्यांत येतील आणि त्यांचा खर्च अखेर जनतेच्या तिजोरीवरच पडेल. त्यापेक्षा प्रत्येक जमा हत्यारामागे ठरावीक वार्षिक मोबदला शासनाने व्यापाऱ्याला द्यावा, आणि पाच वर्षे कोणी न्यावयास न आलेले हत्यार नोटीस देऊन नष्ट करण्याची सोपी पद्धत जिल्हा पातळीवर बसवावी. तोवर निवृत्तीची रक्कम घेऊन या धंद्याची चौकशी करणाऱ्याने ती पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास व्याज तरी वेळेवर मिळेल.