उसाचा तंबू, उसाची चूल

१७०८ साली गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले ते बहादूरशहाच्या लष्करासोबत. बादशाही मुक्काम म्हणजे केवढा पसारा, ते त्याच्या खापरपणजोबाच्या ‘ऐन-ए-अकबरी’त मोजून ठेवलंय: एक छावणी हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. असे संच दोन! बादशहा एकात झोपलेला, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी उभा.

आजच्या ट्रेकरचा एकट्याचा तंबू अर्ध्या किलोतही बसतो. त्याला खांब नसतो. दिवसा हातात असलेली काठीच रात्री खांब होते.

पण हलकं बिऱ्हाड आपल्याला कुणी शिकवायला नको. दिवाळीच्या आगेमागे कंधार-मुखेड, अहमदपूर-जळकोटकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि फडाजवळ बघता बघता कोप्या उभ्या राहतात. वाकवलेले बांबू, वर चटई, ताडपत्री, नाहीतर पाचट. आत वाकूनच शिरायचं. ट्रेकर हौसेनं दोन रात्री वाकतो, इथं पाच-सहा महिने वाकावं लागतं.

गंमत अशी, की हे पाचट चुलीतही जातं. डॉ. आनंद कर्व्यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेनं पाचटाचा कोळसा केला आणि २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळवला. त्यांच्या ‘सराई’ कुकरात शंभरेक ग्रॅम कोळशावर चार-पाच जणांचा वरण-भात शिजतो!

मळी तरी का मागे राहील? तिच्यापासून अल्कोहोल, आणि अल्कोहोलवर चालते ट्रेकरची लाडकी घरगुती चूल. शीतपेयाचे दोन रिकामे कॅन बुडाकडून कापायचे, एकात एक दाबून बसवायचे, कडेला टाचणीनं भोकं पाडायची. वजन दहा-पंधरा ग्रॅम, म्हणजे खिशातल्या दोन-तीन नाण्यांएवढं. स्पिरिट तापून त्याची वाफ झाली, की भोकाभोकातून ज्योती निघतात, थेट गॅसच्या शेगडीसारख्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर जवळपास निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह करून दाखवलाय. अल्कोहोलात पाणी घालण्याचं याहून सात्त्विक कारण मला तरी माहीत नाही.

तंबू घरी शिवणार असाल, तर अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी बघा. तिच्या झोळाचं गणित ह्युजेन्स, लायब्निट्झ आणि योहान बर्नुली या तिघांनी १६९१ साली सोडवलं. तंबूचा कणा त्याच झोळात बेतला, तर कापड ताठ बसतं आणि वाऱ्यात फडफडत नाही. सरळ बेतलात तर रात्रभर फडफड ऐका. शिवणीवर सिलिकॉन मात्र फासायचं, कारण पाणी सुईच्या भोकांतूनच आत येतं.

तंबू झाला, चूल झाली; आता शिधा. कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आतच उकळतं. भात तिथं हट्टी होतो, पोहे न्यावेत.

आणि ती कॅनची चूल तंबूत पेटवू नका. बाहेर पेटवलीत तरी जपा: भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही; विझली समजून मी एकदा वरून स्पिरिट ओतायला गेलो होतो. भुवई उगवायला बराच काळ लागला.